छाप्यातलं सव्य-अपसव्य

काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत मी पहिल्यांदा तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरलं. विषय आधीच ठरलेला होता: आजी. नऊवारी लुगडं, डाव्या खांद्यावरून आलेला पदर, उजव्या हातात पितळी तांब्या. तीन दिवस खपून पत्रा तयार केला, शाई भरली, ओलसर कागद वर ठेवून रुळाखालून काढला आणि कागद हलकेच उचलला. आजी होती, पण पदर उजव्या खांद्यावर आणि तांब्या डाव्या हातात. शिकवणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पत्रा आणि छापा म्हणजे माणूस आणि आरसा. उजवं ते डावं होणारच." हे मला ऐकून ठाऊक होतं. पण ते आपल्याच आजीच्या अंगावर घडलेलं पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की गोव्याच्या ज्या जुन्या छाप्यांवर माझा इतका जीव आहे, ते मी आजवर फार वरवर पाहिले होते.

हे छापे १५९६ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकाचं नाव 'इटिनेरारियो', म्हणजे प्रवासवर्णन. लेखक यान हायघेन व्हॅन लिन्शोटेन हा डच तरुण. सप्टेंबर १५८३ मध्ये तो गोव्याला उतरला तेव्हा जेमतेम विशीचा होता. आर्चबिशप व्हिसेन्त दा फोन्सेका यांच्या पदरी त्याला कारकुनी मिळाली होती, त्यामुळे कागदपत्रं हाताखालून जात, माणसं भेटत आणि कानावर बरंच पडे. १५८८च्या अखेरीस त्याने गोवा सोडला. परतीच्या वाटेवर अझोर्स बेटांवर दोन वर्षं अडकून पडला आणि १५९२ मध्ये मायदेशी पोचला. पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेले पूर्वेचे सागरी मार्ग त्याने डच भाषेत मांडले, म्हणून त्याच्या लेखनावर व्यापारी तुटून पडले. पुढे त्याचे इंग्रजी, जर्मन, लॅटिन आणि फ्रेंच अनुवाद झाले.

पण मला ओढ आहे ती त्यातल्या चित्रांची. दोन-दोन पानांवर पसरणारे तीसहून अधिक छापे. मागून नोकराने धरलेल्या छत्रीच्या सावलीत घोड्यावरून निघालेला पोर्तुगीज सरदार, पालखीतून जाणारी त्याची बायको, ब्राह्मण, खंबायतचा वाणी, हत्तीवर बसलेला कोचीनचा राजा, चिनी, जावाचे लोक. आणि त्यांत आपली माणसं. गोव्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांना आणि मासेमारांना पोर्तुगीज 'कानारीं' म्हणत. लिन्शोटेनही तेच नाव वापरतो. घाटावरून येणाऱ्यांना तो 'देकनी' म्हणतो आणि त्यांच्या मुलखाला 'बालागाते'. आपला बालाघाट डच कानाने असा ऐकला. गोव्यातली बरीच दुकानदारी या देकनी लोकांच्या हाती होती, असं तो नोंदवतो.

कानारीं बाईच्या नेसण्याबद्दल त्याने लिहिलेलं वर्णन मी कितीदा वाचलं असेन. बेंबीखाली कमरेला गुंडाळलेलं, मांडीच्या मध्यापर्यंत येणारं एक वस्त्र आणि त्याचंच दुसरं टोक खांद्यावरून टाकलेलं. शिवलेला कपडा अंगावर नाही. कोकणात किंवा गोव्यात खाचरात वाकून लावणी करणारी कुणबी बाई ज्याने पाहिली आहे, त्याला हे आखूड, वर घट्ट नेसलेलं लुगडं ओळखायला वेळ लागणार नाही. मग त्याच पुस्तकातल्या छाप्याकडे वळावं, तर तिथे बाई आहे, वस्त्र आहे, वर्णनाशी जुळतंही आहे, तरी काहीतरी परकं वाटतं. हे परकेपण कुठून आलं हे समजून घ्यायचं, तर चित्र किती हातांतून गेलं ते पाहावं लागतं.

पहिला हात लिन्शोटेनचा. त्याने काय रेखाटलं होतं हे आपण पाहू शकत नाही, कारण ती मूळ रेखाटनं टिकलेली नाहीत. तो हौशी होता, चित्रकार म्हणून तयार झालेला नव्हता. शिवाय पुस्तक छापलं गेलं तेव्हा गोवा सुटून सात वर्षं लोटली होती.

दुसरा हात कोरणाऱ्यांचा: योहानेस आणि बाप्टिस्टा व्हॅन डोएटेकम हे भाऊ. यांच्या घराण्यातच हे काम होतं. वडील योहानेस आणि काका लुकास यांनी एक खास रीत बसवली होती. तेजाबाने खाल्लेली रेषा आणि कोरणीने काढलेली रेषा ते अशी मिसळत, की पाहणाऱ्याला सगळंच कोरणीचं काम वाटावं. गोवा शहराचा मोठा नकाशाही याच बाप्टिस्टाने १५९५ साली कोरला. त्यातल्या गल्ल्या, चर्चं, धक्के पाहताना त्याच्या मनगटाची तयारी जाणवते. पण हे भाऊ गोव्याला कधी आले नव्हते. नऊवारी नेसलेली बाई त्यांच्या गावात दिसण्याचा संभव नव्हता.

आता त्यांच्या कामाच्या टेबलाजवळ उभं राहू, कारण खरी गोष्ट तिथे घडते.

तांब्याचा पत्रा आधी ठोकून घट्ट आणि सपाट करायचा. आपल्याकडे तांबट ज्याला मठारणं म्हणतात, त्याच जातीचं हे काम. मग घासून असा गुळगुळीत करायचा, की बारीकसा ओरखडाही राहू नये, कारण राहिलेला प्रत्येक ओरखडा शाई धरतो आणि कागदावर उमटतो. त्यानंतर रेखाटन पत्र्यावर उतरवायचं. कागदाच्या पाठीला खडूची पूड चोळायची, कागद पत्र्यावर ठेवायचा आणि बोथट सळईने रेषा गिरवायच्या. खाली पुसट खूण उमटते. तेजाबाची रीत असेल, तर पत्र्यावर आधी मेण आणि राळ यांचा पातळ थर चढवायचा. सुईने तो थर रेषेपुरता खरवडला, की खालचं तांबं उघडं पडतं आणि पत्रा तेजाबात गेला की तेवढंच खाल्लं जातं. कोरणीची रीत याहून कष्टाची. कोरणी म्हणजे चौकोनी, तिरपं टोक असलेली पोलादी सळई. तिची मूठ तळहातात बसते आणि ती पुढे ढकलायची असते. वळण घ्यायचं असेल तर हात वळवत नाहीत. वाळू भरलेल्या चामडी उशीवर पत्रा ठेवलेला असतो, तो पत्राच फिरवतात. एक हात कोरतो, दुसरा पत्र्याला गोल गोल घुमवतो.

हे मी स्वतः करून पाहिलं म्हणून सांगतो: या रीतीला लांब, लयदार, समांतर वळणं फार मानवतात. हाताला एकदा वळण मिळालं, की कोरणी आपणहून त्या वळणाकडे जाते. आता याच हातांनी सुती लुगड्याची चूण काढायची. कुणबी बाईचं जाडंभरडं, अंगासरशी घट्ट बसलेलं, घामाने भिजलेलं कापड तांब्यावर आलं, की त्याला भरदार, गोलाईच्या घड्या पडतात. युरोपातल्या चर्चमधल्या संतांच्या झग्यांना पडतात तशा. कोरणाऱ्याने खोटेपणा केला असं मी म्हणणार नाही. लहानपणापासून ज्या कापडाच्या घड्या त्याने गिरवल्या, त्याच मनगटात मुरल्या होत्या. छाप्यातलं पहिलं परकेपण आलं ते या घड्यांतून.

दुसरं आलं ते अंगांतून. एका पायावर भार, दुसरा गुडघा किंचित सैल, कंबर एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला झुकलेला. ही ग्रीक-रोमन पुतळ्यांची उभं राहण्याची ढब त्या काळच्या प्रत्येक चित्रशाळेत शिकवत. माणूस उभा काढायचा तो असाच. मग तो अपोलो असो की सालसेतचा नांगऱ्या. त्यामुळे कानारीं पुरुषाच्या दंडावर आणि पोटावर संगमरवरी स्नायू येतात. आपल्याकडचा शेतकरी उभा कसा राहतो? दोन्ही पावलं मातीत सारखी रोवलेली, अंग थोडं पुढे आणि हात कमरेच्या मागे किंवा काठीवर. ती ढब मला या छाप्यांत कुठेच सापडली नाही आणि ते मला खरंच लागतं.

आता माझ्या आजीच्या पदराकडे येऊ, म्हणजे उलटापालटीकडे. पत्र्यावर जे डावीकडे, ते कागदावर उजवीकडे. युरोपातल्या कारागिराला याची पूर्ण जाण होती. पत्र्यावरची अक्षरं तो उलटी कोरे, म्हणून छाप्यातले लॅटिन आणि डच मथळे नेहमी सरळ वाचता येतात. चित्र सरळ यावं अशी इच्छा असेल, तर रेखाटन तेलकट कागदावर उतरवून तो कागद पालथा घालता येई. पण यात वेळ जाई आणि पाहणाऱ्याला कळणार आहे कुठे, हा विचार स्वाभाविक होता. झाड उलटं झालं तर बिघडत नाही. घर उलटं झालं तरी चालतं. तलवार उजव्या कमरेला लटकलेली दिसली, तर सैनिकाला खटकेल, म्हणून तिची काळजी घेत. पण दूरदेशीच्या माणसाच्या अंगावर डावं काय आणि उजवं काय याला अर्थ आहे, हे त्या टेबलाशी बसलेल्याला कोण सांगणार?

आणि आपल्याकडे तर अर्थ सगळा तिथेच. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेखाली येतं तेव्हा माणूस सव्य असतो. तेच उजव्या खांद्यावर गेलं की अपसव्य, आणि अपसव्य कधी करतात हे श्राद्धाला बसलेल्या घरात कुणालाही विचारा. म्हणजे एखादा ब्राह्मण कारागिराच्या हातून नुसता उलटला, की सकाळच्या बाजारात उभा असलेला माणूस पितरांना पाणी सोडणारा होतो. मोगल काळातल्या जाम्याचंही असंच. हिंदू बंद डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. पत्र्यावरून कागदावर येताना माणसाचा धर्मच पालटू शकतो. पदर कोणत्या खांद्यावर, यावरून प्रांत ओळखणारे आपण. छाप्यात तो पदर पालटला, की बाईचं गाव पालटतं.

बरं, एवढ्यावरही थांबत नाही. छाप्यावरून कुणी दुसरा कारागीर नवा पत्रा कोरतो. त्याने समोरचं चित्र जसंच्या तसं तांब्यावर उतरवलं, तर त्याचा छापा पुन्हा उलटा येतो. उलट्याचं उलट म्हणजे सरळ! त्यामुळे एखाद्या छाप्यात जानवं बरोबर सव्य दिसलं, म्हणून तो छापा मूळ रेखाटनाच्या जवळचा ठरत नाही. तो दोनदा उलटलेला असू शकतो. गोव्याच्या त्या बाईचा पदर १५८० च्या दशकात कोणत्या खांद्यावर होता, याबाबत मी या छाप्यांची साक्ष घेत नाही.

मग यांच्यातलं घ्यायचं तरी काय? बरंच काही, आणि म्हणूनच मी त्यांना सोडत नाही. पालखीचा छापा घ्या. चार भोयांच्या खांद्यावरचा दांडा पाहा. तो सरळ नाही. मधोमध कमानीसारखा वर उचललेला आहे, म्हणजे आत बसणाऱ्याच्या डोक्याला जागा मिळते. लिन्शोटेनने लिहूनही ठेवलं आहे की हा बांबू वाकलेला असतो. कोवळा असतानाच त्याला तसं वळण देतात. युरोपातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे माणसं वाहून नेणारी साधनं होती, पण त्यांचे दांडे सरळसोट. कमानीचा बांबू त्या कारागिराला स्वतःहून सुचला नसता. त्याच्या मनगटाला सवयीची नसलेली रेषा तिथे आली, याचा अर्थ रेखाटनात ती होती आणि तिने त्याला ती काढायला भाग पाडलं. माझा नियम असा झाला आहे: जिथे रेषा सफाईने, सुंदर वाहते, तिथे मला अ‍ॅमस्टरडॅम दिसतं. जिथे ती अडखळते, कारागिराला जे कोरलंय ते काय आहे हे नीट कळलेलं नाही असं वाटतं, तिथे गोवा असतो.

याच नजरेने गोव्याच्या मोठ्या रस्त्याचा छापा पाहावा. रुआ दिरेता, म्हणजे सरळ रस्ता. तिथे रोज सकाळी लिलाव भरे. लिन्शोटेनच्या सांगण्याप्रमाणे सात ते नऊ. पुढे ऊन चढतं म्हणून. सुट्टीचे दिवस सोडून रोज. लिलाव पुकारणारे अंगावर विक्रीच्या सोन्याच्या साखळ्या आणि दागिने घालूनच फिरत. शेजारी अरबी घोडे, गालिचे, मसाले आणि माणसं. गुलामही त्याच बोलीत विकले जात. छाप्यात दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा आहेत. त्या रांगा युरोपी दृष्टिगणिताने नेमक्या एका बिंदूकडे धावतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल शंका आहे. पण त्या रांगांमधली गर्दी वेगळी आहे. कोण कुणासाठी छत्री धरतो, कोण अनवाणी आणि कोण सपाता घालून, कुणाच्या अंगावर कापड किती. हे सगळं त्या शहराच्या उतरंडीप्रमाणे बरोबर लागलेलं दिसतं. विकायला उभ्या केलेल्या माणसांवरून नजर पुढे सरकत नाही. कोरणाऱ्याने त्यांनाही पुतळ्यांची ढब दिली आहे.

या छाप्यांत एक जागा मात्र अशी आहे, जिथे दोष कारागिराच्या माथी मारता येत नाही. ती म्हणजे देवळातली मूर्ती. छाप्यात जे आहे ते सरळसरळ सैतान आहे: शिंगं, सुळे, पोटावर दुसरं तोंड, डोक्यावर मुकुट. आणि लिन्शोटेनच्या मजकुरातही तसंच लिहिलेलं आहे. गोव्याजवळच्या एका गावात देवळात शिरून आपण हे पाहिलं, असं तो सांगतो. मुकुट पोपच्या तिहेरी मुकुटासारखा होता, असंही म्हणतो. आपल्याकडच्या गावदेवीचा, वेताळाचा किंवा नरसिंहाचा चेहरा त्याने पाहिला असेल. पण पाहताना त्याच्या डोळ्यांसमोर आधीच एक चित्र होतं. इटालियन प्रवासी वार्थेमाने १५१० साली छापलेल्या प्रवासवर्णनात कालिकतच्या राजाच्या देवघरात असाच सैतान असल्याचं लिहिलं होतं. १५१५ च्या जर्मन आवृत्तीसाठी योर्ग ब्रॉय या ऑग्सबुर्गच्या चित्रकाराने त्याचा लाकडी ठसा काढला होता. ते चित्र युरोपभर फिरलं. पुढे कितीतरी युरोपी प्रवासी देवळात गेले आणि बाहेर येऊन त्यांनी तेच वर्णन केलं. छापा आधी, पाहणं नंतर. कलेतिहासकार पार्थ मित्तर यांनी १९७७ सालच्या आपल्या पुस्तकात या सैतानाचा माग फार चिकाटीने काढला आहे.

लाकडी ठशाचा उल्लेख आला म्हणून त्याबद्दल दोन शब्द. ठशात रेषा वर राहते आणि आजूबाजूचं लाकूड कोरून काढतात, तांब्याच्या नेमकं उलट. ठसा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच वेळी छापता येतो, म्हणून स्वस्त. तांब्याच्या पत्र्याला मात्र वेगळं रूळयंत्र लागतं, कारण खाचेतली शाई बाहेर ओढायला फार मोठा दाब हवा. शाई म्हणजे जवसाच्या तेलात खललेली काजळी. ती खाचांत दाबून भरायची आणि वरचा पत्रा फडक्याने, मग तळहाताने पुसून लख्ख करायचा. तांब्याच्या छाप्याच्या कडेला कागदात जी चौकोनी दबलेली खूण दिसते, ती त्या दाबाची. जुना छापा हाती आला की मी आधी बोटाने ती खूण चाचपतो.

ठशांच्या काळातलं एक उदाहरण मला विसरता येत नाही. ऑग्सबुर्गच्याच हान्स बुर्कमायरने १५०८ साली आफ्रिका आणि भारतातल्या लोकांचे ठसे जोडून एक लांबलचक पट्टा केला. त्यात कोचीनचा राजा छत्राखाली मिरवत जातो. बाल्टाझार श्प्रिंगर हा व्यापारी १५०५ च्या पोर्तुगीज आरमाराबरोबर मलबारला जाऊन आला होता, त्याच्या माहितीवर ते काम उभं आहे. त्या शतकात युरोपात बनलेलं भारतीय माणसाचं इतकं लक्षपूर्वक केलेलं चित्रण फार थोडं असेल. आणि त्याच बुर्कमायरने दहाएक वर्षांत सम्राट माक्सिमिलियनच्या मिरवणुकीच्या मोठ्या चित्रमालेसाठी 'कालिकतचे लोक' काढले. त्यात पिसांचे घागरे घातलेली माणसं आहेत, हातात मक्याची कणसं आहेत. पिसं आणि मका ब्राझील-अमेरिकेकडचे. मधल्या काळात तिकडून वस्तू येऊ लागल्या होत्या आणि 'कालिकत' हा शब्द समुद्रापलीकडच्या कोणत्याही मुलखाला चालू लागला होता. आधी नीट पाहिलेला माणूसही नंतर चुकू शकतो, हे मला यातून कळलं.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर पोशाखांची पुस्तकं एकामागून एक निघाली. १५६२ साली पॅरिसमध्ये देसेर्प्सचं पुस्तक आलं. त्यात देशोदेशीच्या बायकापुरुषांच्या रांगेत एक समुद्री बिशप आणि एक एकाक्ष राक्षसही बसवलेला आहे. १५९० मध्ये व्हेनिसला चेझारे वेचेल्लिओचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात चारशेहून अधिक ठसे होते. हे पुस्तक मात्र मेहनतीचं आहे. कुठल्या गावची बाई विधवा झाल्यावर काय नेसते, इथवर तो जातो. आपल्या गावाजवळ त्याची नजर तीक्ष्ण आहे, जसजसा लांब जातो तसतशी ती ऐकीव गोष्टींवर टेकते. लिन्शोटेनच्या चित्रांचंही पुढे असंच पुस्तक झालं: १६०४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रकाशकाने, कॉर्नेलिस क्लासने, ती चित्रं लॅटिन मजकुरासह स्वतंत्रपणे काढली. चित्रांना आपलं असं गिऱ्हाईक होतं.

रंगाविषयी वाचकांना नेहमी कुतूहल असतं. छापा काळ्या शाईत निघे. महागड्या प्रतींत रंग हाताने भरत. रंगवणारा माणूस आणखी वेगळा, बहुधा लेखकाला कधीही न भेटलेला. म्हणून लुगडं लाल होतं की निळं, हे या छाप्यांवरून ठरवू नये. अंगाच्या रंगाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. काळ्या शाईत सावळं अंग दाखवायचं तर त्यावर रेषांची दाट जाळी टाकावी लागते, पण तीच जाळी सावलीसाठीही वापरतात. जाळी दाटली की स्नायूंची गोलाई हरवते, आणि गोलाईवर तर कारागिराचा जीव. मग तो अंग उजळ ठेवतो आणि सावळेपण मथळ्यावर सोपवतो.

नकलांकडे पुन्हा वळलं, की गोव्यातून गेलेला एक गेंडा आठवतो. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला भेट दिलेला हा प्राणी जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघाला आणि २० मेला लिस्बनला पोचला. न्युरेम्बर्गला बसलेल्या आल्ब्रेख्त ड्युररने एका पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याचा ठसा केला, प्रत्यक्ष गेंडा न बघता. खांद्यावर एक जादा शिंग काढलं. पुढची दोनेकशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंड्याला ते शिंग होतंच. लिन्शोटेनच्या बाबतीत नकलेचं काम फ्रँकफुर्टच्या दे ब्री कुटुंबाने केलं. १५९८ पासून त्यांनी त्याचं पुस्तक जर्मनमध्ये आणि मग लॅटिनमध्ये नव्या पत्र्यांसह काढलं. बहुसंख्य युरोपी वाचकांनी गोवा पाहिला तो या नकलांतून.

दोन शतकांनी नक्कल माणसाच्या पोटावरही आली. अँटवर्पचा बाल्तझार सोल्विन्स कलकत्त्यात राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या हातांनी कोरून, १७९६ ते १७९९ या काळात अडीचशे छाप्यांचा संच काढतो. रंग मातकट, माणसं साधी, कामात गुंतलेली. लंडनच्या एडवर्ड ऑर्मने त्यातली साठ चित्रं उचलली, देखणी केली, चमकदार रंग दिले आणि १८०४-०५ मध्ये विकली. ऑर्मची चाललीही. सोल्विन्सने मग पॅरिसमध्ये १८०८ ते १८१२ या काळात चार मोठे खंड काढले आणि त्यात आपलं सर्वस्व ओतलं. खरी माती आणि देखणी माती यांत लोकांनी देखणी निवडली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्या पुण्याचंही एक चित्र या वाटेने गेलं आहे. १७९० चा तह घेऊन इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात आला, तो प्रसंग. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुण्याला आला १७९२ मध्ये, म्हणजे प्रसंग होऊन गेल्यावर. त्याने माणसांची, पागोट्यांची, दरबारातल्या बैठकीची रेखाटनं केली. त्याच्या आणि मॅलेटच्या आसऱ्याने पुण्याचे गंगाराम तांबट चित्रं काढत होते. तांबटांच्या आडनावाचा हा माणूस कागदावर आला याचं मला अप्रूप आहे. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने लंडनमध्ये १८०५ साली मोठं तैलचित्र केलं. डॅनियल पुण्याला आलाच नव्हता. त्या तैलचित्रावरून चार्ल्स टर्नरने १८०७ मध्ये छापा काढला. त्यासाठी तांब्याचा अख्खा पत्रा दातेरी अवजाराने खरखरीत करतात आणि उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करत नेतात. अंधारातून उजेडाकडे जाणारी ही रीत. म्हणून त्या दरबारातलं मखमल आणि सावल्या अप्रतिम. पेशव्यांच्या अंगरख्याचे बंद मात्र मी त्यावरून सांगणार नाही.

माझ्याकडे कानारीं जोडप्याच्या छाप्याची एक मोठी छायाप्रत आहे. हल्ली ती बघताना मी आधी हातात छोटा आरसा घेतो आणि चित्र उलटून पाहतो. मग पुरुषाच्या पोटावरची ती समांतर गोल वळणं मनातून पुसतो आणि बाईच्या झग्यासारख्या घड्याही. पुसता पुसता कापड अंगाला घट्ट बसत जातं, वर खोचलं जातं, टाचा उघड्या होतात. उरतात ते दोघं शेजारी उभे, एका वस्त्रातली बाई आणि कमरेला फडकं गुंडाळलेला पुरुष. त्या वस्त्राचं एक टोक कमरेभोवती फिरून वर खांद्याकडे कसं जातं, हे कोरताना कारागिराची रेषा एका जागी थबकलेली मला दिसते. कापड आत गेलं की बाहेर, हे त्याला कळलेलं नाही. तिथे मी भिंग धरतो.